बॅटरीतली खळ, लाकूड आणि उसाचं चिपाड

पुण्याच्या रस्त्यांवर विजेवरच्या स्कूटर वाढल्या, तशी हिरव्या, म्हणजे पर्यावरणाला कमी घातक अशा बॅटरीची चर्चाही वाढली. वनस्पतींपासून मिळणारे पॉलिमर, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचे पदार्थ, बॅटरीत वापरायचे, हा त्यातला एक विषय. तो नवा म्हणून मांडला जातो, पण टॉर्चच्या जुन्या सेलमध्ये रसायनांचं द्रावण सांडू नये म्हणून पीठ आणि स्टार्च या वनस्पतीजन्य पॉलिमरच्या खळीतच ते घट्ट केलेलं असे.

त्याहून बोलकी गोष्ट शिसे-आम्ल बॅटरीची. भारनियमनाच्या काळात घरोघरी इन्व्हर्टरसोबत आलेली जड बॅटरी ती हीच. गास्तों प्लांते यांनी ती १८५९ मध्ये तयार केली. पुढे तिच्यातल्या शिशाच्या पट्ट्या एकमेकींना टेकू नयेत म्हणून त्यांच्या मध्ये लाकडाचे पातळ पडदे घालू लागले. त्यांच्या जागी रबराचे पडदे आले आणि बॅटऱ्या लवकर मंदावू लागल्या, थंडीत तर जास्तच. कारण शोधल्यावर कळलं, की लाकडातलं लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारं पॉलिमर) आम्लात उतरत होतं आणि ऋण पट्टीवरचं सच्छिद्र शिसं आळून बसू देत नव्हतं. तेव्हापासून लाकडाचा लगदा करताना उरणाऱ्या द्रवातून मिळणारं लिग्नोसल्फोनेट हे लिग्निनचंच रूप त्यात मुद्दाम घालतात. ज्याला कचरा समजत होतो, त्यावर बॅटरीचं आयुष्य अवलंबून होतं!

१९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिच्यातल्या लिथियमच्या क्षाराला पाणी चालत नाही, म्हणून ती बनवताना पाणी टाळलं गेलं. वीज साठवणारी भुकटी धातूच्या पत्र्यावर चिकटवायला पीव्हीडीएफ हे फ्लोरिनयुक्त पॉलिमर आणि ते विरघळवायला एनएमपी हा प्रजननाला घातक द्रावक वापरात आला. नंतर ग्राफाइटच्या, म्हणजे ऋण बाजूला सेल्युलोज या वनस्पतींच्या तंतूंमधल्या पॉलिमरपासून केलेलं सीएमसी (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज) चिकटवायला रुळलं. ते पाण्यात कालवता येतं आणि पत्रा पुढे कडक वाळवला की झालं. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण त्याने कारखान्यातल्या कामगाराच्या श्वासातलं विष कमी होतं.

२०१२ मध्ये पोलंड आणि स्वीडनच्या संशोधकांनी लिग्निनमध्येच वीज साठवून दाखवली. मात्र तो साठा आपोआप उतरत जातो.

पुण्यात पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून उभी आहे आणि पॉलिमरचं काम तिथे जुनं आहे. कच्चा मालही जवळच आहे. उसाच्या चिपाडात सेल्युलोज आणि लिग्निन दोन्ही असतात. पण जिल्ह्यातले साखर कारखाने तेच चिपाड जाळून वाफ आणि वीज करतात, त्यामुळे बॅटरीसाठी ते मागताना आधी त्या बॉयलरच्या इंधनाची सोय लावावी लागेल.