पालिकेच्या सेवेविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे दाद कशी मागावी : पात्रता, कागदपत्रे व प्रक्रिया

महापालिकेने किंवा तिच्या कंपनीने खासगी व्यावसायिकांच्या बरोबरीने धंदा करणे भारतात मुळातच बेकायदा नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९ (६) मध्ये १९५१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार कायदा करून नागरिकांना पूर्णतः किंवा अंशतः वगळूनही राज्यसंस्थेला व्यापार करता येतो. त्यामुळे ‘पालिका स्वस्तात काम करते, आमचे गिऱ्हाईक गेले’ एवढ्याच तक्रारीवर दाद मिळत नाही, हे नागपुरातील व्यावसायिकांनी अर्ज लिहिण्याआधीच ध्यानात घ्यावे.

दाद मिळू शकते ती मक्तेदारीच्या गैरवापराविरुद्ध. समजा, नळजोडणी मंजूर करणाऱ्या एकमेव यंत्रणेने डिमांड नोटमध्येच (जोडणीचे पैसे भरण्याच्या मागणीपत्रात) अशी अट घातली, की घरातील पाइप आमच्याकडूनच घ्यावेत आणि फिटिंगही आमच्याच माणसांकडून करून घ्यावे, तर इतवारीतील हार्डवेअर दुकानदार आणि परवानाधारक प्लंबर दोघांचाही रोजगार एका ओळीने बुडतो. मुख्य वाहिनीवरील जोड यंत्रणेनेच द्यावा, हे पाण्याच्या सुरक्षिततेसाठी रास्तच आहे. मीटरपलीकडच्या कामाला मात्र ते कारण सहसा लागू पडत नाही. अशी अट भारतीय स्पर्धा आयोगाला, म्हणजे बाजारातील स्पर्धेवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेला, स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ४ (वर्चस्वाच्या गैरवापराला मनाई) खाली तपासता येते.

या अधिनियमातील ‘व्यक्ती’च्या व्याख्येत स्थानिक प्राधिकरणाचा स्पष्ट उल्लेख आहे, केवळ सार्वभौम स्वरूपाची, म्हणजे फक्त शासनसंस्थाच करू शकते अशी कामे कक्षेबाहेर राहतात. सरकारी मालकी ही सूट ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये कोल इंडिया या सरकारी कोळसा कंपनीच्या प्रकरणात सांगितले असून, नागपुरात मुख्यालय असलेली तिची उपकंपनी वेस्टर्न कोलफिल्ड्सही त्या वादात होती.

अर्ज, म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘माहिती’, कोणतीही व्यक्ती, ग्राहक किंवा व्यापारी संघटना दाखल करू शकते. स्वतःचे नुकसान झालेच पाहिजे असे नाही. मात्र २०२३ च्या दुरुस्तीनंतर घटनेपासून तीन वर्षांची मुदत लागू आहे. उशीर झाल्यास सबळ कारण द्यावे लागते.

सारी भिस्त कागदांवर असते. डिमांड नोट, पावत्या, निविदेच्या अटी आणि ग्राहकाला नकार दिल्याचे लेखी उत्तर जपून ठेवावे. हाती नसलेल्या कागदांसाठी आपल्या झोन कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याकडे दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा. राज्याच्या नियमांनुसार तो एकाच विषयावर आणि १५० शब्दांत असावा. आयोगाच्या विहित नमुन्यात घटनाक्रम, भंग झालेले कलम, मागितलेली दाद, सत्यापन आणि शुल्क भरल्याचा पुरावा जोडावा. शुल्क अर्जदाराच्या वर्गानुसार बदलते. मराठी कागदांसोबत इंग्रजी भाषांतर द्यावे. पुढील जोडण्या अडतील अशी भीती असल्यास आपली ओळख गोपनीय ठेवण्याची लेखी विनंती अर्जासोबतच करावी. लहान व्यावसायिकाने हा हक्क संकोच न करता वापरावा.

प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास नवी दिल्लीतील आयोग आपल्या चौकशी शाखेच्या महासंचालकांकडे चौकशी सोपवतो. त्या काळात अटीला स्थगिती हवी असल्यास कलम ३३ खाली तशी स्वतंत्र मागणी करावी. आयोगाने प्रकरण बंद केल्यास ६० दिवसांत राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाकडे अपील करता येते, आणि गैरवापर सिद्ध झाल्यावर नुकसानभरपाईचा अर्जही आयोगाकडे नव्हे, तर याच न्यायाधिकरणाकडे करावा लागतो.