कॅथेटरमधून रक्तात शिरणारे जंतू आणि त्यांची मोजदाद

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाच्या मानेला किंवा कॉलरबोनखाली लावलेली सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली लांब नळी (कॅथेटर), कधी पाहिली असेल, तर तिचं बाहेरचं टोक आठवा. त्वचेवर पारदर्शक ड्रेसिंग, त्याखालून आत शिरलेली नळी आणि बाहेर लोंबणारी दोन-तीन तोंडं, प्रत्येकाला टोपण. आतलं टोक थेट हृदयाच्या उंबरठ्यावर पोचलेलं असतं. अँटिबायोटिकचा डोस द्यायचा, सलाईन बदलायचं, रक्ताचा नमुना घ्यायचा, असं काही ना काही निघतं आणि दिवसातून कितीतरी वेळा ती टोपणं उघडतात.

जंतूंना आत जायला मुख्यतः दोन वाटा आहेत. एक, नळी टोचली त्या जागेच्या त्वचेवरून, नळीच्या बाहेरच्या अंगाने. दुसरी, या उघडझाप होणाऱ्या तोंडातून, नळीच्या पोकळीतून. लाइन नवी असताना बहुधा पहिली वाट, ती जुनी होत गेली की दुसरी. हे जंतूही काही परके नसतात. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर सुखाने राहणारा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस त्यांत मोठ्या संख्येने असतो. प्लास्टिकला चिकटला की तो आपल्याभोवती बुळबुळीत थर तयार करतो, त्याला बायोफिल्म म्हणतात. त्या थराआड औषध नीट पोचत नाही. म्हणून अशा वेळी पुष्कळदा नळीच काढून टाकावी लागते.

जगभरात या संसर्गाने किती माणसं आजारी पडतात, हा प्रश्न साधा वाटतो. पण त्याचं उत्तर कोणी, कुठे आणि कसं मोजलं यावर अवलंबून आहे, आणि या विषयाचा इतिहास हा बराचसा त्या मोजण्याचाच इतिहास आहे.

सुरुवात अर्थातच नळीपासून झाली. १९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्ड गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने, वरिष्ठांनी मनाई केलेली असताना, स्वतःच्याच कोपरातल्या शिरेतून मूत्रमार्गासाठीची लांब नळी आत सरकवली, तशाच अवस्थेत तो एक्स-रे विभागात चालत गेला आणि नळी हृदयापर्यंत पोचल्याचा पुरावा फिल्मवर घेतला. त्याला १९५६ मध्ये, इतर दोन शास्त्रज्ञांबरोबर, नोबेल मिळालं. मधल्या काळात १९५२ मध्ये फ्रेंच शल्यचिकित्सक रोबेर ओबानियाक यांनी कॉलरबोनखालच्या शिरेत सुई घालण्याची पद्धत मांडली आणि १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी सुईतून तार आणि तारेवरून नळी, ही युक्ती दिली. आज सेंट्रल लाइन बहुतेक ठिकाणी याच युक्तीने घालतात.

नळीचा शरीरातला मुक्काम लांबला तो १९६०च्या दशकाच्या शेवटी. स्टॅन्ली डड्रिक आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की तोंडाने काहीच न खाऊ शकणारं बाळ फक्त शिरेतून दिलेल्या अन्नावर वाढू शकतं. ज्यांना वाचवायला काहीच उपाय नव्हता अशी माणसं त्यामुळे जगू लागली. पण आता नळी आठवडेच्या आठवडे आत राहू लागली, तीही साखरेने गच्च भरलेल्या द्रवासकट. कँडिडासारख्या बुरशीला आणखी काय हवं?

तरीही ताप आला की पुष्कळ डॉक्टर म्हणायचे, इतका आजारी माणूस, होणारच. हे ‘होणारच’ फार वर्षं टिकलं आणि माझ्या मते या गोष्टीतलं सगळ्यात मोठं नुकसान त्यानेच केलं. १९७०-७१ मध्ये अमेरिकेत काय झालं ते पाहा. सलाईनच्या बाटलीच्या टोपणाच्या आतली चकती उत्पादकाने बदलली होती. नव्या चकतीखाली एंटेरोबॅक्टर जातीचे जंतू तग धरून राहत आणि टोपण हाताळताना द्रवात उतरत. २५ रुग्णालयांतल्या ३७८ रुग्णांच्या रक्तात संसर्ग झाल्याची नोंद आहे. १९७० च्या जुलैपासून १९७१ च्या वसंतापर्यंत हे चाललं होतं. जिथे रोजच्या संसर्गांची नोंदच नव्हती, तिथे नेहमीपेक्षा जास्त म्हणजे किती, हे कोण सांगणार?

या साथीच्या तपासात असलेले डेनिस माकी पुढे आयुष्यभर याच विषयात राहिले. १९७७ मध्ये त्यांनी एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. काढलेल्या कॅथेटरचं टोक निर्जंतुक कात्रीने कापायचं, अगारच्या, म्हणजे जंतू वाढवण्यासाठीच्या जेलीच्या, बशीवर लाटण्यासारखं फिरवायचं आणि उबवण पेटीत ठेवून जंतूंच्या किती वसाहती उगवतात ते मोजायचं. १५ किंवा जास्त आल्या तर नळी दूषित धरायची. नळीच्या बाहेरच्या अंगावरचे जंतू पकडण्यासाठी ही पद्धत अजून वापरात आहे.

त्यानंतरची पायरी दिसायला कारकुनी, पण फार महत्त्वाची. दर १०० रुग्णांमागे किती संसर्ग, असं मोजलं तर फसगत होते, कारण एकाची लाइन दोन दिवस असते, दुसऱ्याची वीस दिवस. म्हणून कॅथेटर-दिवस हे माप आलं. दहा रुग्णांच्या लाइन प्रत्येकी तीन दिवस राहिल्या तर ३० कॅथेटर-दिवस झाले. दर १००० कॅथेटर-दिवसांमागे किती संसर्ग, या एका आकड्यामुळे दोन रुग्णालयं, दोन देश, दोन वर्षं शेजारी ठेवून पाहता येऊ लागली.

त्या आकड्याचं काय करता येतं हे मिशिगन राज्याने दाखवलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी आधी स्वतःच्या विभागात प्रयोग केला आणि मग तो मिशिगनच्या शंभरावर अतिदक्षता विभागांत नेला. करायच्या गोष्टी पाचच: हात धुणं, लाइन घालताना टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे आणि रुग्णाला पूर्ण झाकणारी निर्जंतुक चादर, त्वचा क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने पुसणं, जमेल तिथे जांघेतली शीर टाळणं, आणि गरज संपली की लाइन काढणं. यातलं एकही नवं नव्हतं. नवं होतं ते हे, की लागणारं सगळं सामान एकाच ट्रॉलीवर ठेवलं गेलं आणि एखादी पायरी चुकली तर डॉक्टरला तिथेच थांबवण्याचा अधिकार सिस्टरला मिळाला. ज्या विभागांत डॉक्टरसमोर बोलायची सोय नसते, तिथे काम केलेल्या कुणालाही विचारा, ही किती मोठी गोष्ट आहे. २००६ च्या डिसेंबरमध्ये निष्कर्ष छापून आले: संसर्गाचा सरासरी दर १००० कॅथेटर-दिवसांमागे ७.७ वरून १.४ वर उतरला होता. त्या दिवसापासून ‘होणारच’ म्हणायला जागा उरली नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार तिथल्या अतिदक्षता विभागांतले असे संसर्ग २००१ मध्ये ४३,००० होते, २००९ मध्ये १८,०००.

आता उरलेलं जग. तिथे चित्र पालटतं. व्हिक्टर रोझेन्थाल यांनी अर्जेंटिनातून उभं केलेलं आंतरराष्ट्रीय संसर्ग नियंत्रण जाळं प्रामुख्याने कमी साधनांच्या देशांतून आकडे गोळा करतं. २००७ ते २०१२ या काळात ४३ देशांतल्या त्यांच्या अतिदक्षता विभागांत दर ४.९ होता. अमेरिकेतल्या तशाच विभागांत तो ०.९ होता. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने विकसनशील देशांतल्या प्रकाशित अभ्यासांचा आढावा घेतला गेला, त्यात हा दर १२.२ निघाला. त्याच आढाव्यातला मला जास्त अस्वस्थ करणारा आकडा वेगळाच आहे: १४७ विकसनशील देशांपैकी ९७ देशांतून रुग्णालयातल्या संसर्गांबद्दल काहीच प्रसिद्ध झालेलं नव्हतं. म्हणजे १२.२ हा आकडासुद्धा जिथे कुणीतरी वही उघडून बसलं होतं तिथला.

एवढी तफावत का? माणसं कमी, खाटांची दाटी, सामान वेळेवर न मिळणं, ही कारणं आहेतच. पण एक कारण अगदी हाताशी आहे. सलाईनची बाटली कडक असेल तर द्रव खाली उतरताना आत हवा शिरावी लागते. म्हणून बाटलीला एक सुई टोचतात आणि तिच्यातून विभागातली हवा, त्यातल्या सगळ्यासकट, द्रवात जाते. मऊ पिशवी आपोआप आक्रसते, तिला सुई लागत नाही. अर्जेंटिना, ब्राझील, मेक्सिको आणि इटलीतल्या अतिदक्षता विभागांत बाटलीच्या जागी बंद पिशव्या आणल्यावर सेंट्रल लाइनचे संसर्ग एक तृतीयांशावर आले. तिथे कुणाचे हात जास्त स्वच्छ झाले होते असं नाही, भांडं बदललं होतं.

मिळवलेलं टिकतंच असंही नाही. कोविडच्या लाटेत अमेरिकेत २०२० च्या शेवटच्या तिमाहीत हे संसर्ग आदल्या वर्षाच्या त्याच तिमाहीपेक्षा ४७ टक्क्यांनी वाढले. पालथे झोपवलेले रुग्ण, दुप्पट कामाचा बोजा, दाराबाहेर ठेवलेले पंप आणि लांबलचक नळ्या. मोजणं चालू होतं म्हणून निदान ही घसरण दिसली तरी.

आतापर्यंतचा सगळा हिशेब सेंट्रल लाइनचा. हातावर लावतात ती साधी कॅन्युला त्यात नाही. २००६ मध्ये माकी यांनी २०० अभ्यास एकत्र करून मांडलं, की अशा कॅन्युलाचा दर १००० दिवसांमागे ०.५ आहे, म्हणजे प्रत्येकीचा धोका अगदी थोडा. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोकांना ती लागते. थोडा धोका इतक्या माणसांनी गुणला की आकडा मोठाच होतो. संघटनेने मे २०२४ मध्ये कॅथेटर-संसर्ग टाळण्यासाठी पहिली जागतिक मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती याच कॅन्युलापासून सुरू केली, हे मला फार योग्य वाटतं.

कारण कॅन्युलाचे दिवस बहुतेक वॉर्डांत कुणी मोजत नाही. चौथ्या दिवशी हात लाल होतो, संध्याकाळी रुग्णाला थंडी वाजून ताप भरतो. ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का हे पाहणारी तपासणी, न घेताच अँटिबायोटिक सुरू होतं. कॅन्युला काढून कचऱ्याच्या डब्यात जाते, दुसऱ्या हाताला नवी लागते आणि केसपेपरवर फक्त ‘ताप’ एवढंच लिहिलं जातं.