कृष्णाकाठी पाणी मुबलक, मग भांडण कशाचं? सांगली-साताऱ्याच्या चळवळींची थोडी मागची गोष्ट

२०१६ चा एप्रिल आठवत असेल, मिरज स्टेशनातून लातूरला पाण्याची रेल्वे सुटली होती, जलदूत म्हणून, पहिल्या फेरीला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी, टीव्हीवाले मिरजेत तळ ठोकून बसलेले. लातूरला पाणी गेलं हे चांगलंच झालं, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच उन्हाळ्यात आमच्याच जिल्ह्यात जत आटपाडीच्या वाड्यावस्त्यांवर बायका टँकरची वाट बघत होत्या, तिकडं कॅमेरा काही गेला नाही. सांगली आणि सातारा हे दोन जिल्हे असेच आहेत, पश्चिमेला पाऊस थांबत नाही आणि पूर्वेला माणदेशात पडत नाही, मधून कृष्णा वाहते. त्यामुळं इथली चळवळ "पाऊस पाडा" म्हणून कधी झालीच नाही, ती झाली वाटपावरून. आता पर्यावरण न्याय, हवामान बदल वगैरे चर्चा सुरू आहे, नवीन पोरं विचारतात की इकडं हे कधीपासून, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात कुठून धरायची तर मी विसापूरपासून धरतो, तासगाव तालुका. १९६५ मध्ये वि. स. पागे, म्हणजे विधान परिषदेचे सभापती, यांनी तिथं एक प्रयोग केला की जो काम मागेल त्याला सरकारनं काम द्यायचं, बांधबंदिस्ती, रस्ते, असली कामं. ही झाली रोजगार हमीची पहिली पायरी. मग १९७२ चा दुष्काळ आला, त्या काळात खडी फोडलेली पिढी अजून गावागावात आहे, त्यांना मिलो आणि सुकडी, म्हणजे दुष्काळात मिळालेलं धान्य आणि खाऊ, म्हटलं की लगेच आठवतं. मे १९७३ मध्ये राज्यभरात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामावर होती. एवढी माणसं एका जागी रोज जमली की मजुरी वेळेवर का नाही, मोजमापात काटछाट का, यावरून मोर्चे निघणारच, आणि निघाले. त्या रेट्यातून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, पगारदारांकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि त्यातून गावाकडं काम द्यायचं अशी सोय. पुढं २००५ ला केंद्रानं देशभर कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचं उदाहरण समोर होतंच. दुष्काळात भीक नको, हक्काचं काम पाहिजे, हा विचार तासगावातून निघाला हे आमच्या इथल्याच किती जणांना माहीत आहे कोण जाणे.

दुसरा धागा धरणग्रस्तांचा. कोयना धरण १९६० च्या दशकात उभं राहिलं, १०५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी), राज्याला वीज मिळाली, कारखाने चालले. पाटण जावळीकडची गावं मात्र उठली, कुणी सोलापूरला, कुणी सांगलीला, कुणी पार कोकणात ठाण्याकडं. तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, तो आला १९७६ ला, आणि तोही उगाच नाही आला, बाबा आढाव, दत्ता देशमुख यांच्यासारख्यांनी धरणग्रस्तांच्या परिषदा घेतल्या, "आधी पुनर्वसन मग धरण" ही घोषणा त्या काळातली. कायद्यातली कल्पना साधी होती की ज्यांच्या रानाला धरणाचं पाणी मिळणार त्या मोठ्या खातेदारांकडून थोडी जमीन घ्यायची आणि उठलेल्यांना द्यायची. नंतर १९८६ आणि १९९९ ला सुधारून कायदे झाले. पण कोयनावाले कायद्याच्या आधीचे, ते मधेच लटकले. २०१८ ला सुद्धा कोयनानगरला ठिय्या मारून बसावं लागलं, आजोबा उठले होते आणि ठिय्याला नातू. आणि वर म्हणजे कोयनेचं पाणी वीज करून पश्चिमेला सोडलं जातं, राज्याराज्यांत नदीचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादानं त्यासाठी ६७.५ टीएमसी मान्य केलेलं आहे, ते वाशिष्ठीतून समुद्राला जातं. पूर्वेला माणदेश बसलाय बघत.

आता ज्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय ते म्हणजे खानापूर तालुक्यातलं बळीराजा धरण. जानेवारी १९८२ ला मुंबईत कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्या विटा खानापूर भागातली घरटी माणसं गिरणीत होती, संप लांबला तशी ती गावाकडं आली, आणि गावाकडं काय तर दुष्काळ. रोजगार हमीवर खडी फोडायची, पण या लोकांना युनियनची सवय, त्यांनी विचारायला सुरुवात केली की दरवर्षी तीच खडी फोडून दुष्काळ कसा हटणार. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली, डॉ. भारत पाटणकर आणि त्यांची संघटना श्रमिक मुक्ती दल त्यात होते. पाटणकर कासेगावचे, आईवडील दोघंही इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या लढ्यातले, म्हणजे नाना पाटलांच्या पत्री सरकारची परंपरा घरातच.

तर या लोकांनी येरळा नदीकडं बघितलं. नदीत पाणी नाही पण वाळू भरपूर, आणि वाळू उचलायला ठेकेदार. वाळू गेली की नदीच्या पोटात पाणी थांबत नाही आणि काठच्या विहिरी आटतात, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. लोकांनी म्हटलं की वाळू आमच्या गावची, ठेकेदारानं का विकायची, आम्ही थोडी विकतो आणि त्या पैशातून बंधारा बांधतो. सरकार दरबारी हे कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं, परवानगीसाठी मोर्चे काढावे लागले. तांदुळवाडी आणि बलवडी ही दोन गावं, श्रमदानाला बाहेरून कॉलेजची पोरं येत होती, के. आर. दाते यांच्यासारखे इंजिनिअर तांत्रिक बाजू बघत होते, आणि ८० च्या दशकाच्या शेवटी धरण उभं राहिलं. नाव बळीराजा स्मृती धरण, म्हणजे इडा पिडा टळो वाला बळी.

पण धरण छोटंच होतं, खरी गोष्ट पुढं आहे. पाणी वाटायचं कसं? पाटबंधारे खात्याचा रिवाज असा की ज्याची जमीन त्याला पाणी, दहा एकरवाल्याला दहा एकराचं आणि भूमिहीनाला काहीच नाही. इथं ठरलं की पाण्याचा वाटा जमिनीला नाही, घराला. ज्याला जमीन नाही त्यालाही वाटा, त्यानं कुणाची जमीन खंडानं करावी आणि आपलं पाणी त्यावर वापरावं. बाईच्या नावानं वाटा असावा ही पण मागणी होती. उसाला पाणी ओतण्यापेक्षा कमी पाण्याची पिकं आणि झाडं घ्यावीत असाही विचार मांडला गेला, आता साखर कारखान्याच्या जिल्ह्यात हे बोलायला छाती लागते. तुम्ही कुठल्याही परिषदेत आज समन्यायी पाणीवाटप ऐकलं तर त्याचा एक पाय या येरळेच्या वाळूत आहे, हे आपलं माझं मत, कुणाला पटो न पटो.

पुढचा टप्पा मोठा. बच्छावत लवादानं, म्हणजे वर आलेल्या कृष्णा लवादानंच, महाराष्ट्राला कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी दिलेलं, आणि ते मे २००० पर्यंत अडवलं नाही तर पुढच्या फेरवाटपात आपली बाजू लंगडी पडणार ही भीती. वाळव्याचे नागनाथ अण्णा नायकवडी, हेच ते इंग्रज सरकारचा धुळ्याचा खजिना लुटणारे क्रांतिकारक, त्यांनी १९९३ ला आटपाडीत पाणी परिषद घेतली, सांगोल्याचे गणपतराव देशमुख बरोबर, पाटणकर बरोबर, आणि सांगली सातारा सोलापूरचे १३ दुष्काळी तालुके. दरवर्षी परिषद, दरवर्षी ठराव, मुंबईला धडक. १९९६ ला कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं, कर्जरोखे काढून पैसा उभा केला, ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांना, म्हणजे पंपानं कृष्णेचं पाणी वर उचलणाऱ्या योजनांना, गती आली. गती म्हणजे सरकारी गती, पाणी यायला अजून बरीच वर्षं गेली. पाणी आलं तर वीजबिलाचा घोळ, बिल थकलं की पंप बंद, आणि पंप बंद तो नेमका उन्हाळ्यात. मग त्यासाठी वेगळी आंदोलनं झाली आणि ८१ टक्के बिल सरकारनं, १९ टक्के शेतकऱ्यानं असा निर्णय झाला. हा निर्णय बाहेरच्यांना किरकोळ वाटेल पण आटपाडी कवठेमहांकाळकडं द्राक्ष डाळिंब उभं आहे ते त्याच्यावर. आटपाडीत उघड्या पाटाऐवजी बंद पाइपनं पाणी न्यायचा आग्रहसुद्धा चळवळीचाच, पाणी वाचतं आणि वरच्या माणसाला मधेच पाट फोडता येत नाही.

पश्चिमेकडची एक अडचण इथं सांगून टाकतो. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ ला आला, पश्चिम घाट वाचवा म्हणणारा, ग्रामसभेला विचारा असं त्यात होतं, पण पाटण जावळी महाबळेश्वरकडं तो नीट पोचलाच नाही, पोचली ती भीती. त्यात चूक लोकांची कशी म्हणायची, आधी धरणानं उठवलं, मग अभयारण्य, मग २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, तिसऱ्यांदा कोण कशाला विश्वास ठेवेल. माझ्या मते आपल्या चळवळी इथं कमी पडल्या, घाटमाथ्यावरच्या माणसाला सोबत घेऊन जंगलाची बाजू मांडणारं फारसं कुणी उभं राहिलं नाही.

आणि आता पूर. २००५ ला आला तेव्हा वाटलं शंभर वर्षांत एकदा, मग ऑगस्ट २०१९ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, पावसाळ्यात सांगलीकर हवामान बघत नाही, आयर्विनचे फूट बघतो, व्हॉट्सअपवर तासातासाला आकडा फिरतो, कोयनेतून किती क्युसेक सोडलं तेही सोबत. ब्रह्मनाळला बोट उलटली ती त्याच पुरात. २०२१ च्या जुलैमध्ये परत पूर आणि पाटणला आंबेघर, मिरगाव, ढोकावळेला दरडी कोसळल्या.

पुरातून ज्या कृती समित्या उभ्या राहिल्या त्यांचं मुख्य बोट कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाकडं, त्याच्या फुगवट्यानं इकडं पूर वाढतो असं त्यांचं म्हणणं. कर्नाटकला उंची ५१९ वरून ५२४ मीटरवर न्यायची आहे, त्याला विरोध, आणि तो विरोध रास्त आहे. मात्र २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीवर सगळा दोष टाकला नाही, नदीपात्रातली अतिक्रमणं, अडथळे हेही तिनं पुढं आणलं, ते इथं अनेकांना आवडलं नाही कारण मग पूररेषेतले प्लॉट कुणी पाडले हा प्रश्न गावातच फिरतो. दुष्काळाच्या चळवळीला समोर सरकार होतं, इथं समोर कधी शेजारचं राज्य आहे, कधी आपलाच बिल्डर, म्हणून पुराची चळवळ अजून त्या ताकदीला आलेली नाही.

सध्या पुराचं वाहून जाणारं पाणी उचलून माणदेशात न्यायचं ही मागणी दोन्हीकडून होतेय, पूरवाल्यांना पूर कमी हवा, जतवाल्यांना पाणी हवं. ऐकायला छान आहे. पण पूर टिकतो आठवडाभर, तेवढ्यात किती पंप किती पाणी उचलणार, साठवणार कुठल्या तलावात, आणि त्या पंपांचं बिल पुन्हा ८१-१९ नं की कसं, हे अजून एकाही ठरावात नीट आलेलं नाही.