जीपच्या अॅक्सलमधला ३.७३ हा आकडा गोल का नाही?

आमच्या ऐरोलीच्या सोसायटीतल्या एका तरुणाने जीप ‘उचलून’ घेतली. सस्पेन्शन उंच केलं, २३५/७० आर १६ टायर काढून २८५/७५ आर १६ चढवले. आठवड्याभरात तक्रार सुरू झाली: घोडबंदरला गायमुखचा चढ आधी चौथ्या गिअरमध्ये निघायचा, आता तिसरा टाकावा लागतो. कुणीतरी त्याला सांगितलं, इंजिन कमी पडतंय, ताकद वाढवणारी चिप बसव. इंजिन ठणठणीत होतं. चिप बसवून टायरचा व्यास कमी होत नाही.

जुन्या टायरचा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर, नव्याचा ८३४. अॅक्सलपर्यंत टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, पूर्वीइतकाच येतो, पण केंद्रापासून जमीन लांब गेली. शाळेतली तरफ आठवा: अंतर वाढलं की टोकाचा रेटा घटतो. इथे तो सुमारे १२ टक्क्यांनी घटला. स्पीडोमीटरही फसतो. पाम बीच रस्त्यावर काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ६८ ने पळत असेल.

यावर खरा उपाय अॅक्सलच्या मधल्या गोल फुगवट्यात आहे. तिथे प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणाऱ्या लांब दांड्याच्या, टोकाचं छोटं पिनियन मोठ्या क्राउन व्हीलला फिरवतं. पिनियनला ११ दाते आणि क्राउनला ४१ असतील, तर ४१ भागिले ११, म्हणजे ३.७३. शाफ्टचे इतके फेरे झाले की चाक एकदा फिरतं, आणि जोर तितक्याच पटीने वाढतो. टायर १.१३४ पट मोठा झाला, तर हे प्रमाणही तितक्याच पटीने वाढायला हवं: ४.२३. नेमकं तेवढं मिळत नाही, म्हणून जवळचं ४.३० घ्यायचं. ते ४३ आणि १० दात्यांचं.

मग सरळ ४.०० किंवा ४.५० का बनवत नाहीत? मला या यंत्रातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हेच. समजा ४४ आणि ११ दाते घेतले. पिनियनचा पहिला दाता क्राउनच्या ठरावीक चारच दात्यांना आयुष्यभर भेटत राहील. त्याला बारीकशी खोच असेल, तर ती त्याच चौघांना खात राहणार. ४१ आणि ११ यांना १ सोडून सामाईक विभाजक नाही. म्हणून एक जोडी जुळल्यावर तीच जोडी पुन्हा जुळायला ४५१ दाते सरकावे लागतात, आणि तोवर पिनियनचा प्रत्येक दाता क्राउनच्या प्रत्येक दात्याला भेटून झालेला असतो. झीज सगळ्यांत वाटली जाते. लसावि-मसावि आपण परीक्षेपुरते शिकलो, इथे ते तेलात बुडून काम करतात. ४.१० (४१/१०), ४.५६ (४१/९), ४.८८ (३९/८) हे अमेरिकेतल्या उंच ट्रकवाल्यांचे आवडते आकडे तपासून पाहा, सगळीकडे हेच.

बसवणं मात्र नाजूक काम. क्राउन-पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात, त्यामुळे जोडी फोडायची नाही. मिस्त्री दात्यांना रंग लावतो, हाताने क्राउन फिरवतो आणि ठसा बघतो. ठसा दात्याच्या मधोमध हवा. टोकाला किंवा मुळाशी गेला, तर पिनियनमागचा शिम, म्हणजे पातळ चकती, बदलायचा, शतांश मिलिमीटरच्या हिशोबाने. दोघांतला ‘प्ले’, म्हणजे दात्यांमधली मोकळीक, साधारण ०.१५ ते ०.२० मिलिमीटर. हे चुकलं की हुंकारासारखा आवाज येतो. तो आला की नजर लागली म्हणत बंपरची लिंबू-मिरची बदलणारे मी पाहिलेत. आवाज शिममुळे येतो, नजरेमुळे नाही.

फोर-बाय-फोरमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत, पुढचा आणि मागचा, दोन्ही अॅक्सल सारखेच बदलावे लागतात. एकच बदलला तर पुढची चाकं एका वेगाने फिरायला बघतात, मागची दुसऱ्या, आणि कोरड्या रस्त्यावर फोर-बाय-फोर लावताच मधला ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी, पिळवटतो. खर्च त्यामुळे दुप्पट. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला आडवं येतं, ते टायर घेण्याआधीच वाचावं.

आमच्या तरुणाने शेवटी जुने टायर परत चढवले. गायमुख पुन्हा चौथ्यात निघतो.