पार्श्वभूमी : प्रोग रॉकमधला ‘प्रोग्रेसिव्ह’ नेमका कुठून आला?

‘प्रोग्रेसिव्ह रॉक’चं ‘पुरोगामी रॉक’ असं भाषांतर कुणी केलं की ऐकणारा हसतो, आणि बरोबरच आहे. आपल्याकडे ‘पुरोगामी’ म्हटलं की फुले-शाहू-आंबेडकर डोळ्यांपुढे येतात, मेलोट्रॉन हे रॉकमधलं कीबोर्डवाद्य नाही. पण गंमत अशी की इंग्रजीतही हा शब्द या संगीताच्या अंगावर कधी नीट बसला नाही. आधी तो सैल होता, मग घट्ट झाला, मग काही वर्षं शिवीसारखा वापरला गेला आणि आता ‘प्रोग’ या आखूड रूपात एखाद्या मसाल्याच्या पाकिटासारखा शैलीवर छापला जातो. या संगीताचा इतिहास सांगायचा तर शब्दापासूनच सुरुवात करावी लागते, कारण भांडणं तिथलीच आहेत.

१९४०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या एका बिग बँडने आपल्या वाजवण्याला ‘प्रोग्रेसिव्ह जॅझ’ म्हणवून घेतलं होतं. म्हणजे विशेषण आयतं पडून होतं. १९६७ ते १९६९ या काळात लंडनमध्ये ते पुन्हा उचललं गेलं तेव्हा त्याचा अर्थ एवढाच होता : तीन मिनिटांच्या सिंगलसाठी, हिट परेडसाठी न केलेलं संगीत. त्यात ब्लूज ताणून वाजवणारे होते, लोकगीतं गाणारे होते, जॅझकडे झुकलेले होते, पुढे ज्यांना हेवी मेटलचे पूर्वज म्हटलं गेलं तेही होते. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी १९६९च्या आसपास या मंडळींसाठी वेगळी लेबलं काढली. त्या लेबलांच्या सुरुवातीच्या याद्या पाहिल्या तर आजच्या अर्थाने ‘प्रोग’ म्हणावेत असे बँड त्यात निम्मेही नाहीत. विद्यार्थी संघटनांच्या पैशांवर चालणारे विद्यापीठांतले कार्यक्रम हे या सगळ्यांचं खरं पोट होतं. तिथला श्रोता नाचायला आला नव्हता, तो खाली बसून ऐकत होता. हा फरक वाटतो त्याहून मोठा आहे. नाचायचं नसेल तर ठेका मोडता येतो.

अमेरिकेत त्याच सुमारास हा शब्द आणखी तिसऱ्याच अर्थाने फिरत होता. एफएम केंद्रांनी एएमचाच कार्यक्रम पुन्हा वाजवू नये असा नियम तिथे झाला, वेळ भरायला नवं काहीतरी हवं होतं, आणि निवेदकांना आख्ख्या एलपीमधून (लांब वाजणाऱ्या तबकडीतून) मनाला येईल ते वाजवायची मुभा मिळाली. त्या पद्धतीच्या रेडिओला ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणत. थोडक्यात, १९७० साली न्यूयॉर्कमधला श्रोता आणि लंडनमधला श्रोता ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणत तेव्हा दोघांच्या हातात वेगवेगळ्या रेकॉर्ड असण्याची शक्यता भरपूर होती. ‘आर्ट रॉक’ हा आणखी एक शब्द त्यात मिसळलेला, तो कुणी याच अर्थाने वापरी, कुणी मुद्दाम वेगळा.

अर्थ आवळला गेला तो १९७२-७३च्या सुमारास. काही मोजके ब्रिटिश बँड प्रचंड खपू लागले आणि त्यांच्या सवयी हीच व्याख्या झाली : एलपीची एक बाजू व्यापणारी रचना, विषम मात्रा, युरोपीय अभिजात संगीतातून उचललेले आराखडे, कीबोर्डांचा डोंगर, पुराणकथांसारखे शब्द, मुखपृष्ठावर अद्भुत निसर्ग. विशेषणाचं नाम झालं. मग १९९०च्या दशकात अभ्यासकांनी जाड पुस्तकं लिहिली आणि ‘सिंफनी’कडे जाणारी वाट हाच राजमार्ग ठरवला. माझ्या मते इथे घोटाळा झाला. कारण या व्याख्येने सॉफ्ट मशीनसारखा जॅझच्या अंगाने जाणारा कँटरबरीचा बँड कडेला पडतो आणि पश्चिम जर्मनीतले बँड तर बाहेरच. फ्रान्समधल्या माग्मा या बँडने गाण्यासाठी स्वतःची भाषाच बनवली, तिचं काय करायचं हे कुणालाच कळत नाही. पिंक फ्लॉइड प्रोग आहे का, हा वाद तर अजून संपलेला नाही. १९७३ची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ सातशेहून जास्त आठवडे अमेरिकी यादीत टिकली, पण त्या बँडमध्ये बोटांची कसरत फारशी नव्हती. त्यांचं लक्ष अवकाशावर आणि आवाजाच्या पोतावर होतं. मी त्यांना आत घेतो. पण दारावर कोण उभं आहे यावर ते अवलंबून आहे.

उगमाबद्दल फार लांबण लावण्यात अर्थ नाही. बीटल्सची १९६७ची ‘सार्जंट पेपर’ सगळ्यांना ठाऊक आहे. तिने एलपी ही गाण्यांची पिशवी नसून एकसंध वस्तू असू शकते हे विक्रीच्या भाषेत सिद्ध केलं, आणि कंपन्यांना दुसरी कोणती भाषा समजते? त्याच वर्षी मूडी ब्लूजची ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ड’ आली. स्टिरिओ तंत्राची जाहिरात म्हणून कंपनीला द्वोर्झाकच्या सिंफनीची रॉक आवृत्ती हवी होती, बँडने गुपचूप स्वतःची गाणी पुढे केली, अशी कथा बँडमधले सांगत आले. ती सगळ्यांना मान्य नाही. रेकॉर्ड कान देऊन ऐकली तर ऑर्केस्ट्रा आणि बँड बहुतेक वेळ एकत्र वाजतच नाहीत, पाळीपाळीने येतात, हे मात्र कळतं.

त्या बँडचं खरं योगदान ऑर्केस्ट्रा नव्हे, ऑर्केस्ट्राची जागा घेणारं यंत्र. मेलोट्रॉन बर्मिंगहॅममध्ये १९६३पासून बनू लागला, आणि मूडी ब्लूजच्या कीबोर्डवादकाने आधी त्याच कारखान्यात नोकरी केली होती. यंत्र दिसायला घरगुती ऑर्गनसारखं. आत मात्र प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत असते, तिच्यावर खऱ्या व्हायोलिनचा, बासरीचा किंवा गायकवृंदाचा तो एक सूर मुद्रित केलेला. पट्टी दाबली की टेप फिरत्या दांड्याला चिकटून पुढे सरकते, बोट उचललं की स्प्रिंग तिला मागे खेचते. टेप साधारण आठ सेकंदांची. त्यापुढे सूर नाही, शांतता. म्हणून लांब स्वरमेळ धरायचा असेल तर वादक कोळ्यासारखी बोटं चालवत एकेक सूर बदलत राहतो, म्हणजे सगळ्या टेपा एकदम संपत नाहीत. एकाच वेळी जास्त पट्ट्या दाबल्या तर मोटर दमते आणि सगळा ‘ऑर्केस्ट्रा’ किंचित खाली उतरतो. दमट हॉलमध्ये आणखीच तऱ्हा. हा थरथरता, आजारी वाटणारा तंतुवाद्यांचा आवाज प्रोगची सही मानला जातो, आणि तो मुळात यंत्राच्या अशक्तपणातून आलेला आहे.

जन्मतारीख हवीच असेल तर १० ऑक्टोबर १९६९ घ्या. त्या दिवशी किंग क्रिम्झनची ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग’ बाजारात आली. तीन महिन्यांपूर्वी, ५ जुलैला, हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या मोफत कार्यक्रमाआधी हा बँड लाखोंच्या गर्दीपुढे वाजला होता. बँड जेमतेम सहा महिन्यांचा. पहिल्याच गाण्यात सगळे वादक एकाच धावत्या सुरावटीवर जातात, मध्येच थांबतात, पुन्हा एकदम सुरू होतात. आपल्याकडच्या तिहाईची सवय असलेल्या कानाला त्यातली शिस्त लगेच ओळखू येते. पुढच्या गाण्यात तोच बँड बासरी घेऊन बसतो. ब्लूजचा गंध या रेकॉर्डवर जवळपास नाही, आणि मला वाटतं लांबी, मात्रा, कीबोर्ड यांपेक्षा हे लक्षण जास्त पक्कं आहे. तोवरचा ब्रिटिश रॉक मिसिसिपीकडे तोंड करून उभा होता. या पोरांनी चर्चमधली स्तोत्रं, शाळेतला गायकवृंद, आजीच्या घरचा पियानो बाहेर काढला. जेनेसिस हा बँड तर एका महागड्या निवासी शाळेतच जमला. म्हणूनच पुढे ‘ही श्रीमंतांच्या मुलांची करमणूक’ असा टोला बसला. तो सगळ्यांना लागू नाही, पण काहींना छान लागतो.

विषम मात्रांचं आपल्याला एरवी अप्रूप वाटू नये. सात मात्रांचा रूपक कुठल्याही तबल्याच्या वर्गात शिकवतात. पण रूपकात सातवर आवर्तन संपणं हीच अपेक्षा असते. रॉकच्या श्रोत्याचा पाय चारवर बसलेला असतो, आणि सातव्या मात्रेला त्याच्या पायाखालची पायरी निघून जाते. फ्लॉइडच्या ‘मनी’मध्ये हे स्वच्छ ऐकू येतं, आणि गिटारचा सोलो आला की बँड मुकाट्याने चारवर येतो, हेही. जेनेसिसच्या १९७२च्या सुमारे तेवीस मिनिटांच्या ‘सपर्स रेडी’त एक भाग नऊ मात्रांचा आहे, ३-२-४ असा तोडलेला. बास आणि ड्रम तो ठोकत राहतात, वर ऑर्गन स्वतःच्या हिशेबाने फिरतो, समेवर यायची त्याला घाई नाही.

लांबीचा हिशेब मात्र तबकडीने ठरवला. एलपीच्या एका बाजूवर चांगल्या आवाजात वीस-बावीस मिनिटं मावतात. येस या बँडच्या ‘क्लोज टू द एज’ (१९७२) या रेकॉर्डची पहिली बाजू म्हणजे साडेअठरा मिनिटांची एकच रचना. त्याच वर्षी जेथ्रो टल या बँडने दोन्ही बाजूंवर मिळून ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ ही एकच रचना केली. आधीच्या रेकॉर्डला समीक्षकांनी ‘कन्सेप्ट अल्बम’ (एकाच कल्पनेभोवती गुंफलेली रेकॉर्ड) ठरवलं म्हणून चिडून केलेली ती थट्टा होती, सोबत बनावट वर्तमानपत्रही छापलं होतं. थट्टा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. मी हे सगळं प्रथम ऐकलं ते कुणीतरी भरून दिलेल्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर, एका बाजूला एक अख्खी एलपी. भरणाऱ्याने ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ची तबकडी उलटताना रेकॉर्डिंग थांबवलं नव्हतं, त्यामुळे सुईची खरखर आणि एक खोकला मला कित्येक वर्षं त्या रचनेचाच भाग वाटत होता.

मग १९७३च्या डिसेंबरात येसची ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ आली, आणि प्रोगवरचं प्रत्येक भांडण आजही शेवटी तिथेच पोचतं. टोकियोच्या हॉटेलात गायक परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाचत होता. त्यातल्या एका लांब तळटीपेत श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र अशी शास्त्रांची वर्गवारी आहे. चार प्रकार, म्हणून चार बाजू, प्रत्येक बाजूला एक रचना, एकूण ऐंशीवर मिनिटं. ब्रिटनमध्ये ही दुहेरी रेकॉर्ड पहिल्या क्रमांकावर गेली. खुद्द कीबोर्डवादकाला मात्र त्यात भरताड वाटत होती. मँचेस्टरच्या कार्यक्रमात त्याने मंचावर, कीबोर्डांच्या मागे बसून, करी खाल्ली, आणि १९७४मध्ये बँड सोडला.

दुहेरी रेकॉर्ड करण्याचा हा निर्णय चुकला का? समीक्षकांनी तळटीपेवर ऐंशी मिनिटं म्हणून खिल्ली उडवली. मला ही टीका आळशी वाटते. एका ओवीवर दोन तास निरूपण करणारा कीर्तनकार आपण ऐकतो, आणि ‘उगाच लांबवलं’ असं तो रंगला नाही तरच म्हणतो. मूळ मजकूर लहान होता ही तक्रार नव्हेच. चारही बाजू भरायच्या असं आधी ठरलं आणि संगीत मागाहून जमवलं, ही तक्रार आहे, आणि दुसऱ्या बाजूच्या मधल्या भागाबद्दल ती मला मान्य करावी लागते. पहिली आणि चौथी बाजू मी आजही कुणासमोर वाजवेन. वर्गवारीचं नाव संस्कृत असलं तरी संगीतात भारतीय असं फार थोडं आहे, हे आपल्याकडच्या श्रोत्याने आधीच जाणून बसलेलं बरं.

पंक या साध्या, आक्रमक रॉकने १९७७मध्ये प्रोगला मारलं, ही गोष्ट सांगायला सोपी आहे. पण किंग क्रिम्झन १९७४मध्येच मोडला होता, जेनेसिसचा गायक १९७५मध्ये गेला, आणि १९७३च्या तेलसंकटाने तबकड्यांसाठी लागणारं व्हिनाइलच महाग केलं. उलट १९७७मध्ये येसची नवी रेकॉर्ड ब्रिटनमध्ये पहिली आली. इमर्सन, लेक अँड पामरने त्याच वर्षी अख्खा ऑर्केस्ट्रा घेऊन दौरा काढला आणि थोड्याच कार्यक्रमांनंतर खर्च झेपेना म्हणून वादकांना घरी पाठवलं. ही जखम स्वतःच्या हाताने केलेली. ‘आय हेट पिंक फ्लॉइड’ असा टीशर्ट घालणाऱ्या पंक गायकानेच १९७७मध्ये लंडनच्या रेडिओवर आपल्या आवडीची गाणी वाजवली, तेव्हा त्यात व्हॅन डर ग्राफ जनरेटर या प्रोग बँडच्या गायकाची गाणी होती.

१९८०च्या दशकाबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण मला ते आवडत नाही. जुन्या बँडांतल्या वादकांनी मिळून केलेल्या एशिया या बँडची पहिली रेकॉर्ड १९८२मध्ये अमेरिकेत तुफान खपली, आणि तिच्यात चार मिनिटांची गाणी होती. मॅरिलियनने जुनी वेशभूषा आणि जुने सूर परत आणले. किंग क्रिम्झन १९८१मध्ये परतला तो मात्र मेलोट्रॉन घरी ठेवून, दोन गिटारांची गुंतागुंतीची वीण घेऊन. जुन्या चाहत्यांना वाटलं हे प्रोग नाही. १९६९च्या अर्थाने तेवढंच प्रोग होतं.

१९९२च्या ‘इमेजेस अँड वर्ड्स’ने ड्रीम थिएटर पुढे आला, आणि विषम मात्रा मेटलच्या हाती गेल्या त्या अजून तिथेच आहेत. भारतातला प्रोगचा श्रोता बराचसा याच दाराने आला, अभियांत्रिकीच्या वसतिगृहांतल्या हार्ड डिस्कांवरून. पवईच्या आयआयटीच्या महोत्सवात २००९च्या डिसेंबरात पॉर्क्युपाइन ट्री वाजला तो याच श्रोत्यांसमोर.

आज मेलोट्रॉन लॅपटॉपवर मिळतो. त्यात व्हायोलिनचा सूर हवा तेवढा लांबवणं तांत्रिकदृष्ट्या काहीच अवघड नाही. तरीही अनेक आवृत्त्यांत पट्टी दाबून धरली की आठव्या सेकंदाला आवाज बंद होतो, गिऱ्हाइकांना तसाच हवा असतो म्हणून.