अहाबाचे रथ आणि ग्रहणाची सावली

परवा फोनवर एक व्हिडिओ येऊन पडला : 'विज्ञानाने शोधली दुष्ट राणी ईजबेलची अंगठी!' मागे ढोल-ताशे. अंगठी कसली, ती एक छोटी दगडी मुद्रा आहे. ती उत्खननातून निघालेली नाही, संग्राहकाकडून आली आहे. शिवाय तिच्यावर 'ईजबेल' वाचायचं तर तुटलेल्या कडेवरची अक्षरं आपण मनाने भरायची. राणीच्या दुष्टपणाबद्दल तर मुद्रा अवाक्षर काढत नाही.

खंत एवढीच, की या घराण्याबद्दल विज्ञानाच्या हाती खरोखर जे लागलंय ते यापेक्षा कितीतरी रंजक आहे आणि त्याचा व्हिडिओ कोणी करत नाही.

घराणं अम्रीचं. इ.स.पू. नवव्या शतकात इस्राएलच्या उत्तर राज्यावर त्याने, मुलगा अहाबने आणि दोन नातवांनी राज्य केलं. बायबल सांगतं की अम्री आधीच्या सगळ्यांपेक्षा वाईट वागला आणि अहाब त्याच्याही वरताण निघाला. सून ईजबेल सिदोनच्या राजाची मुलगी. तिने बआल दैवताची पूजा आणली आणि एका द्राक्षमळ्यासाठी नाबोथ नावाच्या शेतकऱ्याला खोट्या साक्षीने दगडांनी ठेचून मारवलं. इंग्रजीत तिचं नाव आजही शिवीसारखं वापरतात.

आता दुसरी साक्ष. तुर्कस्तानात कुर्ख इथे १८६१ साली अश्शूरचा (आजच्या उत्तर इराकमधल्या साम्राज्याचा) राजा तिसरा शाल्मनेसेर याचा शिलालेख मिळाला. सीरियातल्या करकरच्या लढाईत आपल्याविरुद्ध कोण कोण उभं होतं त्याची यादी त्यात आहे. तिच्यात इस्राएलचा अहाब आहे, २,००० रथ आणि १०,००० पायदळासह. आकडा फुगवलेला असेल, पण यादीतला रथांचा सर्वांत मोठा ताफा त्याचाच. बायबलमध्ये या लढाईचा उल्लेखच नाही.

लढाई इ.स.पू. ८५३ सालची. हे साल कुठून आलं? मला या सगळ्या प्रकरणात खरा रस आहे तो इथे.

अश्शूरमध्ये वर्षांना आकडे नव्हते, नावं होती. आपल्या पंचांगात प्रभव, विभव अशी संवत्सरं असतात तशी. फक्त आपली साठ वर्षांनी परत येतात, त्यांची दरवर्षी नव्या अधिकाऱ्याच्या नावाची. त्या अधिकाऱ्याला लिम्मू म्हणत. या नावांच्या लांबलचक याद्या मातीच्या पाट्यांवर मिळाल्या आहेत. बूर-सगले नावाच्या अधिकाऱ्याच्या वर्षापुढे नोंद आहे : अश्शूर नगरात बंड, सिमानू महिन्यात सूर्याला ग्रहण. हे ग्रहण इ.स.पू. ७६३ च्या १५ जूनचं. तिथून यादीत ९० नावं मागे मोजत गेलं की शाल्मनेसेरचं सहावं वर्ष येतं. तेच करकरचं.

पण २,७०० वर्षांपूर्वीच्या ग्रहणाची सावली कुठे पडली हे आज कसं सांगायचं? सूर्य, चंद्र, पृथ्वी कधी एका रेषेत आले ते गणित चोख देतं. घोळ पृथ्वीच्या गिरकीत आहे. चंद्रामुळे येणारी भरती-ओहोटी तिला सतत ब्रेक लावते. दिवस शतकाला जेमतेम पावणेदोन मिलिसेकंदांनी लांबतो. आपला सेकंद साधारण १८२० सालच्या दिवसावर बेतलेला आहे. तिथपासून इ.स.पू. ७६३ पर्यंत मागे जाताना रोजचा फरक सरासरी २३ मिलिसेकंद. दिवस मात्र साडेनऊ लाखांच्या घरात! गुणाकार करा : सुमारे सहा तास. सहा तास म्हणजे पृथ्वीची पाव गिरकी. ही दुरुस्ती विसरलात तर अश्शूरच्या निनवे नगराजवळची सावली थेट अटलांटिक महासागरात जाऊन पडते.

ग्रहणाला अश्शूरी राजेही घाबरत. अशा वेळी गादीवर बदली राजा बसवायचा, अपशकुन त्याच्यावर ढकलायचा आणि मग त्याला मारून टाकायचं. आपल्याकडे शिकलेल्या घरांतसुद्धा गरोदर बाईला ग्रहणात विळीला हात लावू देत नाहीत. तेवढ्यावर भागतं, हीच काय ती प्रगती.

आता मला सर्वांत आवडणारा भाग. जरा बोटांवर मोजावं लागेल. शाल्मनेसेरच्या अठराव्या वर्षी, म्हणजे ८४१ ला, इस्राएलचा राजा येहू त्याला खंडणी देतो. ८५३ ला अहाब जिवंत, ८४१ ला येहू गादीवर : अंतर १२ वर्षं. मध्ये अहाबची दोन मुलं. बायबलनुसार अहज्या २ वर्षं, योराम १२ वर्षं. बेरीज १४! चुकलं? नाही. बारशाचे बारा दिवस मोजताना आपण जन्माचा दिवस पहिला धरतो. तसंच उत्तर राज्यात गादीवर आल्याचं अपुरं वर्षही पहिलं धरत, असं अमेरिकी अभ्यासक एडविन थील यांनी मांडलं. म्हणजे तेच वर्ष जुन्या राजाच्याही खात्यात आणि नव्याच्याही. दोन राजांचं एकेक वर्ष वजा करा, १२ उरतात. अहाब करकरनंतर त्याच वर्षी गेला असं मानलं की हिशेब काटेकोर बसतो.

अम्रीच्या घराला शिव्या देणारे लेखक यहूदाचे, दक्षिणेच्या शेजारी राज्याचे, आणि बऱ्याच नंतरचे. पण त्यांच्यासमोर दरबारी नोंदी असाव्यात. अहाबच्या हस्तिदंती महालाबद्दल वाचायचं तर राजांचा इतिहास पाहा, असं ते स्वतःच सांगतात. शोमरोन या त्यांच्या राजधानीच्या उत्खननात हस्तिदंताचे कोरीव तुकडे ढिगाने मिळालेही. माझं मत असं की या लेखकांचे शेरे त्यांचे आहेत, आकडे मात्र दरबाराचे. नाबोथच्या खुनाचा निकाल कुठलंही ग्रहण देणार नाही.

येहूने अम्रीच्या वंशातला एकेक माणूस शोधून मारला, ईजबेलला खिडकीतून खाली फेकवलं. ब्रिटिश म्युझियममधल्या काळ्या स्तंभावर तो, किंवा त्याचा दूत, शाल्मनेसेरपुढे कपाळ जमिनीला टेकून वाकलेला कोरलाय. वर ओळख लिहिली आहे : 'येहू, अम्रीचा पुत्र'.