शेला : स्पॅनिश शिकायला डोंगरात जाणाऱ्यांची पार्श्वभूमी

ग्वातेमालाच्या पश्चिम डोंगरातलं शेला हे शहर नकाशावर शोधू नका, बहुतेक नकाशांत ते सापडत नाही. तिथे केत्साल्तेनांगो लिहिलेलं असतं. पण क्वात्रो कामिनोसला, म्हणजे आपल्या भाषेत चौफुल्यावर उतरलात, की रंगवलेल्या जुन्या अमेरिकन स्कूलबसच्या दाराला लटकलेला क्लीनर ओरडत असतो: शेला, शेला, शेला! लांबलचक सरकारी नाव त्याच्या तोंडी कधीच येत नाही.

शेला हे शेलाहू या नावाचं लघुरूप, आणि ते नाव किचे' या इथल्या माया भाषेतलं. रोमन लिपीत ते 'एक्स'ने लिहितात, कारण सोळाव्या शतकातल्या स्पॅनिशमध्ये त्या अक्षराचा उच्चार 'श' होता आणि मिशनऱ्यांनी माया भाषा त्याच अक्षरांत बसवल्या. स्पेनमध्ये पुढे उच्चार बदलला, इथे 'श' टिकला. इथल्या बडीशेप घातलेल्या पावाचं नाव 'शेका'सुद्धा तसंच लिहितात. नावाचा अर्थ 'दहांच्या खाली'. दहा काय, यावर एकमत नाही. कुणी डोंगर म्हणतात, कुणी शहाणपणं, कुणी माया पंचांगातला दिवस. सरकारी नाव मात्र ना स्पॅनिश, ना माया. १५२४ साली स्पॅनिश फौजेबरोबर मेक्सिकोतले नाहुआत्ल बोलणारे दोस्त सैनिक आले होते. केत्साल्तेनांगो हा त्यांचा शब्द, आणि स्पॅनिशांनी तोच कागदावर चढवला. म्हणजे स्पॅनिश शिकायला येणारा पाहुणा ज्या शहरात राहतो त्याची दोन्ही नावं स्पॅनिश नाहीत.

मधली तीन-साडेतीनशे वर्षं भराभर ओलांडू. १८३८ ते १८४० हे शहर लोस आल्तोस नावाच्या अल्पायुषी राज्याची राजधानी होतं. पुढे कॉफीच्या पैशावर ग्रीक खांबांच्या इमारती उठल्या. १९०२ मध्ये आधी भूकंप आणि मग सांता मारिया ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्या जखमा शहर अजून अभिमानाने दाखवतं.

स्पॅनिश शिकवण्याचा धंदा इथे नाही, आंतिग्वा या ग्वातेमालातल्याच दुसऱ्या शहरात सुरू झाला. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथे परदेशी स्वयंसेवकांना स्पॅनिश शिकवणं आणि त्या पैशातून माया भाषांच्या अभ्यासाला हातभार लावणं अशी व्यवस्था उभी राहिली. ४ फेब्रुवारी १९७६ च्या भूकंपात सुमारे २३ हजार माणसं गेली, मदतीला परदेशी लोंढे आले आणि त्यांना भाषा हवी होती. शिकवण्याचा साचा तेव्हाच पक्का झाला: अंगणात छोटं टेबल, दोन खुर्च्या, एक शिक्षक, एक विद्यार्थी, रोज चार-पाच तास, आणि राहायला स्थानिक कुटुंब, तीन वेळच्या जेवणासकट. एकास एक शिकवणीचं माहितीपत्रकांत फार कौतुक असतं. ती परवडते कारण शिक्षकाचा तासाचा दर परदेशी माणसाच्या दृष्टीने किरकोळ असतो, हे मात्र बारीक अक्षरातसुद्धा नसतं.

शेलाची पाळी ऐंशीच्या दशकात आली आणि ती पर्यटनामुळे आली नाही. १९६० पासून देशात यादवी चालू होती. १९८१ ते १९८३ या काळात पश्चिम डोंगरातली शेकडो माया गावं लष्कराने बेचिराख केली. पुढे सत्यशोधन आयोगाने १९९९ मध्ये मृत आणि बेपत्ता मिळून दोन लाखांहून जास्त आकडा मांडला. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते आणि ९३ टक्के कृत्यांची जबाबदारी सरकारी बाजूवर होती. अशा दिवसांत शेलात निघालेल्या काही शाळा सरळसरळ राजकीय होत्या. शिक्षकांची सहकारी संस्था, नफा गावांतल्या कामांना, आणि दुपारच्या कार्यक्रमात सालसा नाचाबरोबर जमिनीच्या वाटपावर व्याख्यान. येणारेही तसेच: अमेरिकेतले चर्चवाले, कामगार संघटनावाले, आपल्याच सरकारच्या मध्य अमेरिका धोरणावर चिडलेले विद्यार्थी. आंतिग्वात इंग्रजीवर भागतं म्हणून ते २,३०० मीटर उंचीवरच्या, हीटर नसलेल्या घरांत तीन-तीन घोंगड्या पांघरून झोपायला तयार होते.

आलेख काही सरळ चढत गेला नाही. मुलांचे अवयव चोरायला परदेशी येतात, अशी अफवा १९९४ मध्ये उठली आणि आल्ता वेरापास प्रांतातल्या एका गावात जमावाने एका अमेरिकन बाईला मरणाच्या दारात नेलं. त्या वर्षी परदेशी पाहुणे आटले. २९ डिसेंबर १९९६ ला शांतता करार झाला आणि खरा बॅकपॅकरांचा पूर त्यानंतरचा. शाळांची संख्या फुगली. एका शाळेतले शिक्षक फुटून दुसरी काढत, आणि दोन्हींच्या पाटीवर 'सहकारी' असे.

आता ज्या गोष्टीवर शिक्षकांत आजही वाद झडतो तिच्याकडे येऊ: 'तू' कसं म्हणायचं? छापील पुस्तकं 'तू' याच उच्चाराचं सर्वनाम शिकवतात, मराठी विद्यार्थ्याला तर घरी आल्यासारखं वाटेल. पण ग्वातेमालात मित्र मित्राला 'वोस' म्हणतो, आणि क्रियापदही बदलतं: 'तिएनेस' नाही, 'तेनेस'. 'वोस' एके काळी स्पेनमध्ये मानाचं होतं. तिकडे ते घसरत घसरत नाहीसं झालं, इकडे सलगीचं म्हणून उरलं. पुरुषांनी आपसात 'तू' म्हटलं तर ते बायकी समजतात. मग शाळेने 'वोस'च शिकवावं, नाही का? रस्त्यावरची भाषा तीच तर आहे.

गोम इथेच आहे. 'वोस' दोन प्रकारे वापरलं जातं. बरोबरीच्या माणसांत ते दोन्हीकडून जातं. पण लादिनो, म्हणजे स्वतःला माया न मानणारा माणूस, साठीच्या माया भाजीवालीलाही 'वोस' म्हणतो आणि तिने उलट 'उस्तेद', म्हणजे मानाचं 'तुम्ही', म्हणावं अशी अपेक्षा धरतो. आपल्याकडे 'अरेतुरे' म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं तेच. त्यात किचे'मध्ये आदराचं सर्वनाम वेगळं आहे: सलगीला 'आत', मानाला 'लाल'. म्हणजे घरी नातवंडं जिला 'लाल' म्हणतात ती आजी बाजारात परक्या पोराकडून 'वोस' ऐकते. अशा ठिकाणी तीन आठवडे शिकलेला गोरा पाहुणा खऱ्या भाषेच्या हौसेने टोमॅटो घेताना 'वोस' फेकतो, तेव्हा त्याच्या तोंडून जुना मळेवाला बोलतो. म्हणून कित्येक शिक्षक पहिला आठवडा फक्त 'उस्तेद' घोटून घेतात. दुसरा पक्ष म्हणतो, हा बाऊ आहे, अशाने विद्यार्थी कायम परकाच राहतो. माझा कल पहिल्या पक्षाकडे. परकं राहिल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

करारानंतरच्या वर्षांत डोंगर चढणारे वाढले. पौर्णिमेच्या रात्री ३,७७२ मीटरचा सांता मारिया, मध्य अमेरिकेतलं सर्वोच्च शिखर ताहुमुल्को (४,२२० मीटर), किंवा तीन दिवस चालत अतितलान सरोवर. परदेशी स्वयंसेवक वाटाडे होतात आणि पैसे रस्त्यावरच्या मुलांच्या शाळेला जातात, ही पद्धतही नव्वदच्या दशकातली. २००६ मध्ये ग्वातेमाला आणि होन्डुराससह चार देशांनी मिळून पाहुण्यांच्या मुक्कामाला नव्वद दिवसांची एकच मुदत ठरवली. लांब मुक्कामवाल्यांना मग शेजारच्या होन्डुरासला जाऊन भागेना, मेक्सिकोची सीमा गाठावी लागे. कोविडात वर्ग व्हिडिओ कॉलवर गेले. परत आलेले काही शिक्षक अजून दुपारी ऑनलाइन शिकवतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये निवडणुकीचा निकाल वाचवण्यासाठी माया समाजाच्या पारंपरिक कारभाऱ्यांनी देशभर रस्ते रोखले, त्यात क्वात्रो कामिनोसचा तो चौफुलाही होता. शेलाच्या बस काही आठवडे तिथवर पोचल्याच नाहीत.

अलीकडे काही शाळा किचे'सुद्धा शिकवतात. वर्ग तसाच: अंगण, टेबल, दोन खुर्च्या. फक्त समजावून सांगण्याची भाषा स्पॅनिश असते, त्यामुळे नाव घालणाऱ्याला आधी विचारतात, स्पॅनिश किती येतं?